मुरगळलाय, होईल बरा

१९७९ चा उन्हाळा होता. बालाघाटच्या डोंगरात आमचं गाव. नळ तेव्हा नव्हते. अम्मी आडावर पाणी शेंदायला गेली होती. रोज पाणी सांडून सांडून आडाच्या काठचे दगड गुळगुळीत झालेले. भरलेली घागर कमरेवर घेऊन ती वळली आणि उजवा पाय सटकला. घागर तांब्याची होती, तिला एका अंगाला पोचा आला. अम्मी घरी आली तेव्हा आधी चर्चा झाली ती त्या पोच्याची. पायाकडे संध्याकाळी लक्ष गेलं, तोवर घोटा नारळाएवढा सुजला होता.

आंबेहळदीचा लेप झाला, मिठाच्या गरम पाण्याचा शेक झाला. तिसऱ्या दिवशी अब्बांनी तिला बैलगाडीतून तालुक्याच्या गावी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी घोटा दाबून पाहिला आणि सांगितलं, ‘मुरगळलाय, होईल बरा.’ पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. एक्स-रे काढायचा तर जिल्ह्याला जावं लागे, आणि मुरगळलेल्या पायासाठी जिल्ह्याला कोण जातं? मग शेजारच्या गावातला हाडवैद्य झाला. त्यानं तिळाच्या तेलानं पाय चोळला, बांबूच्या कामट्या बांधल्या. तीन आठवड्यांनी अम्मी उठून कामाला लागली. पण चालताना उजवा पाय थोडा बाहेर टाकायची. ती जी लंगडी झाली ती झालीच.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पुढची कितीतरी वर्षं घरात एक वाक्य ऐकत आलो: मुरगळ काय जन्मभर दुखते का? अब्बा वाईट माणूस नव्हते, पण रोज रोज तीच तक्रार ऐकून माणूस कंटाळतो. शेजारच्या काकू तर सरळच म्हणायच्या की, कामाचा कंटाळा आला की हिचा पाय दुखतो. हळूहळू अम्मीनं पायाबद्दल बोलणंच सोडून दिलं.

२००४ मध्ये मी तिला शहरात एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. बराच वेळ पाहून म्हणाले, ‘मावशी, हे हाड मोडलेलं आहे. आत्ताचं नाही, फार जुनं आहे. कधी पडला होतात?’ अम्मी त्या काळ्या फिल्मकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘म्हणजे मैं झूठ नै बोलती थी.’

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. वैद्यक हा माझा प्रांत नाही. पण त्या वाक्यानंतर मला स्वस्थ बसवेना. पंचवीस वर्षं एक मोडलेलं हाड कुणाला दिसत नाही, हे होतं कसं? वाचत गेलो, डॉक्टर मित्रांना विचारत गेलो, तेव्हा कळलं की घोट्याचं हाड नजरेतून सुटण्याचा इतिहास खूप जुना आहे आणि तो आमच्या गावापुरता नाही.

सुरुवात शब्दापासून करतो, कवीची खोड आहे ती. ज्या हाडाला आज डॉक्टर टॅलस म्हणतात, त्याला ग्रीक लोक अ‍ॅस्ट्रागॅलस म्हणत. मेंढीच्या पायातलं हे हाड त्यांच्याकडे सोंगट्या-फाशांसारखं खेळात टाकलं जाई. अरबीत घोट्याला ‘कअब’ म्हणतात. नमाजाआधी वजू करताना पाय धुवायचे ते इथपर्यंत, दोन्ही कअबांपर्यंत. फाशालाही अरबीत हाच शब्द आहे, अरबी गणितज्ञांनी घनाला हाच शब्द वापरला, आणि मक्केतल्या त्या चौकोनी वास्तूचं, काबाचं नावही याच धातूवरून आलेलं. एका चिमुकल्या हाडातून एवढं सगळं निघालं, याची मला अजूनही गंमत वाटते.

हे हाड बसलंय मोठ्या अडचणीच्या जागी. नडगीचं जाड हाड वरून आणि आतून, बाहेरचं बारीक हाड बाजूनं, आणि या दोघांनी केलेल्या खाचेत टॅलस. सुतार चौकटीत लाकूड ठोकून बसवतो तसं. आपण ज्याला आतला घोटा आणि बाहेरचा घोटा म्हणतो ती या दोन हाडांची टोकं, खरा सांधा त्यांच्या मधे लपलेला. सगळ्या शरीराचं वजन या सांध्यावरून पावलात उतरतं. आणि टॅलसची तऱ्हा अशी की, त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेनं झाकलेला. म्हणजे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाच थोडी. मोजक्या वाटांनी रक्त आत जातं. ती वाट तुटली की हाड जागच्या जागी मरतं. बाहेरून पाय तसाच दिसतो.

आपल्या जुन्या लोकांना या जागेचं मोल ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत शरीराची १०७ मर्मं सांगितली आहेत, त्यांत दोन्ही पायांचे घोटे म्हणजे ‘गुल्फ’ आहेत. हे मर्म दुखावलं तर काय होतं? सुश्रुत सांगतो की वेदना होते, पाऊल ताठर होतं, माणूस लंगडा होतो. माझ्या अम्मीचं एवढं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हाड मोडल्यावर झाडाच्या साली आणि बांबू बांधून ते स्थिर करण्याचे प्रकारही या ग्रंथात आहेत, आणि वाकडं जुळलेलं हाड पुन्हा मोडून नीट बसवावं, असंही त्यात सांगितलं आहे. म्हणजे ‘चुकलेलं हाड’ हा प्रश्न तेव्हाही होता.

ग्रीसमध्ये हिप्पोक्रॅटसच्या नावावरच्या ग्रंथांत याहून कठोर सल्ला सापडतो. घोट्याशी हाड निखळून कातडीबाहेर आलं असेल, तर ते आत बसवू नका. बसवलंत तर रुग्ण काही दिवसांत मरेल, तसंच ठेवलंत तर लंगडा होऊन का होईना, जगेल. हा सल्ला क्रूर वाटतो, पण जखम चिघळते ती का, हे कुणालाच माहीत नव्हतं तेव्हा तो अनुभवातून आलेला होता. जीव की पाय, अशी निवड असे.

ही निवड एका नामांकित सर्जनच्या वाट्यालाही आली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे पर्सिव्हल पॉट १७५६ च्या जानेवारीत ओल्ड केंट रोडवर घोड्यावरून पडले. पायाचं हाड मोडून बाहेर आलं. दुसरा कुणी असता तर लोकांनी त्याला उचलून गाडीत टाकलं असतं. पॉट थंडीत तिथेच पडून राहिले. त्यांनी पालखीवाल्यांना त्यांचे दांडे घेऊन बोलावून घेतलं, तोवर एक दार विकत आणवलं, दांड्यांना ते ठोकून घेतलं आणि मग त्यावर आडवे होऊन घरी गेले. मोडलेला पाय हलवायचा नाही, हे त्यांना कळत होतं. जमलेल्या सर्जननी पाय कापायचं ठरवलं होतं, हत्यारं तयार होती. तेवढ्यात पॉटचे गुरू एडवर्ड नर्स आले. त्यांनी पाहिलं आणि पाय वाचेल म्हणाले. वाचलाही. अंथरुणावर पडल्या पडल्या पॉट लिहायला लागले. बारा-तेरा वर्षांनी त्यांनी अस्थिभंगावर जे पुस्तक लिहिलं, त्यात घोट्याच्या वर बाहेरचं बारीक हाड मोडून पाऊल बाहेर सरकतं त्याचं वर्णन केलं आणि बजावलं की, हे नीट जागेवर बसलं नाही तर माणूस कायमचा लंगडा होतो. या मोडीला जगभर ‘पॉट्स फ्रॅक्चर’ म्हणू लागले. गंमत अशी की, पॉटचा स्वतःचा पाय मोडला होता तो या प्रकारे नाही. पण लोकांना गोष्ट अशीच सांगायला आवडते.

पॉटकडे एक्स-रे नव्हता. बोटं होती. एकोणिसाव्या शतकातले सर्जन बोटांनी, कानांनी आणि मेलेल्या माणसांचे पाय मुद्दाम पिळून शिकत गेले. पॅरिसच्या मेझोन्यूव्ह यांनी १८४० मध्ये दाखवून दिलं की, पाऊल बाहेर वळलं की कधी कधी घोट्याजवळ काहीच मोडत नाही. जोर बारीक हाडावरून वर सरकतो आणि हाड मोडतं ते थेट गुडघ्याखाली. रुग्ण घोटा धरून बसतो, डॉक्टरही घोटाच पाहतो, मोड राहते वीतभर वर. आजही डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकवतात, घोटा दुखत असेल तर गुडघ्यापर्यंत हात फिरवा.

पण सापडलं तरी करणार काय? उघडून हाड बसवायचं तर वेदना आणि पू, दोन्ही आड येत. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल जगजाहीर झाली, निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा सुटायला लागला ग्लासगोत. १८६५ च्या ऑगस्टमध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं, हाड मोडून जखम झाली होती. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक अ‍ॅसिडची पट्टी ठेवली. जखम चिघळली नाही. मुलगा दीडेक महिन्यात पायावर घरी गेला. हिप्पोक्रॅटसच्या काळापासूनची ती ‘जीव की पाय’ निवड मोडीत निघाली ती इथून. आणि १८९५ च्या ८ नोव्हेंबरला वुर्झबर्गमध्ये राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी. काही महिन्यांतच जगभरचे डॉक्टर मोडलेली हाडं ‘पाहू’ लागले.

इथे हाडवैद्यांबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. इंग्लंडातही हाडवैद्य होते, आणि डॉक्टर त्यांना तुच्छ लेखत. वेल्समधल्या अशाच एका हाडवैद्याच्या घराण्यातले इव्हान थॉमस लिव्हरपूलला हाडं बसवत. त्यांच्यावर खटले झाले, तेव्हा त्यांनी पाचही मुलांना रीतसर वैद्यक शिकायला पाठवलं. त्यांतले ह्यू ओवेन थॉमस आज आधुनिक अस्थिशल्यचिकित्सेच्या आद्य पुरुषांत गणले जातात. पायासाठी त्यांनी केलेला आधार पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांना वाचवून गेला. हाडवैद्याच्या या मुलाचं सांगणं काय, तर चोळू नका, विश्रांती द्या, आणि भरपूर काळ द्या. आमच्या हाडवैद्याला बोटांची जाण नक्की होती. सुजलेल्या घोट्यात मोड आहे का, हे तेलानं चोळून कळत नाही, आणि मोड असेल तर चोळणं हाच अपाय, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अम्मीला त्यानं तीन आठवडे बसवून ठेवलं, हे त्याचं खरं औषध होतं. तालुक्यातल्या पट्टीपेक्षा मी त्यालाच जास्त गुण देईन.

तर एक्स-रे आला, आता काही सुटणार नाही, असं वाटलं असणार. तसं झालं नाही. एक्स-रे म्हणजे सावली. घोट्यात एवढी हाडं एकमेकांवर येतात की एकाची सावली दुसऱ्याला झाकते. पाय आतल्या बाजूला थोडा, पंधरा-वीस अंश वळवून फोटो काढला तर खाच मोकळी दिसते. तसा फोटो मागितलाच नाही तर सरकलेलं हाड जागेवर वाटतं. टॅलसच्या बाहेरच्या अंगाला एक कोपरा असतो. तो मोडला की दुखतं नेमकं तिथे, जिथे मुरगळल्यावर दुखतं. स्नोबोर्ड नावाच्या बर्फावरच्या खेळात हा कोपरा इतक्या वेळा मोडतो की, त्याला त्या खेळाचंच नाव पडलं आहे. आपल्याकडे बर्फ नाही, मोटारसायकली आहेत. अपघातात डोकं फुटलं, मांडी मोडली, तर डॉक्टरांचं सगळं लक्ष जीव वाचवण्याकडे असतं, आणि असावंच. पाऊल महिन्याभरानं, रुग्ण उभा राहायला लागतो तेव्हा बोलू लागतं.

टॅलसची खरी ओळख करून दिली ती वैमानिकांनी. पहिल्या महायुद्धातली विमानं लाकडाची आणि कापडाची. दिशा बदलायचा दांडा पायाखाली असे. विमान जमिनीवर आपटलं की दांडा तळपायात घुसे, पाऊल वर ढकललं जाई, आणि टॅलसची मान नडगीच्या कडेवर आपटून तुटे. ग्रॅम अँडरसन या ब्रिटिश सर्जननी अशा १८ वैमानिकांची नोंद करून १९१९ मध्ये या दुखापतीला नावच दिलं, ‘वैमानिकाचा अ‍ॅस्ट्रागॅलस’. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५२ मध्ये, कोल्टार्ट यांनी ब्रिटिश हवाई दलातल्या टॅलसच्या २२८ दुखापतींचा हिशेब मांडला.

मग १९७० मध्ये अमेरिकेतल्या हॉकिन्स यांनी ५७ मोडी बारकाईनं तपासल्या. मान मोडली पण हाड हललं नाही, तर एकही हाड मेलं नाही. खालच्या सांध्यातून सरकलं, तर ४२ टक्के मेली. वरच्या आणि खालच्या दोन्ही सांध्यांतून निखळलं, तर ९१ टक्के. सुटलेली मोड जास्त धोक्याची का, ते या आकड्यांत आहे. न हललेल्या मोडीवर माणूस चालत राहिला तर ती हलू शकते, आणि पहिल्या गटातला रुग्ण स्वतःच्या पायांनी दुसऱ्या गटात जातो.

हॉकिन्सनी सांगितलेली एक खूण मला फार आवडते. मोडीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये टॅलसच्या वरच्या कडेखाली एक बारीक काळसर रेघ दिसली तर डॉक्टर खूश होतात. ती रेघ म्हणजे हाड विरळ झाल्याची खूण. आणि विरळ होणं म्हणजे तिथपर्यंत रक्त पोचतंय, शरीर तिथला चुना उचलून नेतंय. हाड जर पांढरंशुभ्र, ठणठणीत दिसलं, तर काळजी. तिथे कुणी येत-जात नाही. माझ्यासारख्या माणसाला एक्स-रे दाखवला तर मी पांढऱ्याला निरोगी म्हणेन आणि काळ्या रेघेला भिईन.

बाकी घोट्यालाही सूट नाही. रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये मोजून दाखवलं की, टॅलस खाचेत केवळ एक मिलिमीटर बाहेर सरकला तर वरच्या हाडाशी त्याचा स्पर्श सरासरी ४२ टक्क्यांनी कमी होतो. सगळं वजन उरलेल्या जागेवर. रोजची हजारो पावलं, तीही घागर घेऊन. कूर्चा झिजत जाते, हाडावर हाड घासतं. अम्मीचं बाहेरचं हाड आखूड आणि किंचित वळून जुळलं होतं. डॉक्टरांनी मला मोजपट्टी लावून दाखवलं, टॅलस तीन-चार मिलिमीटर सरकलेला.

म्हणजे प्रत्येक मुरगळीला एक्स-रे? तसंही नाही. कॅनडात ओटावा इथे इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये काही साधे नियम मांडले. मुरगळलेले घोटे शेकड्यानं येतात, त्यांतले मोडलेले थोडेच. मग फोटो कुणाचा काढायचा? पडल्यावर लगेच आणि दवाखान्यातही, रुग्ण आपल्या पायांवर चार पावलं टाकू शकतो का, हे पाहा. लंगडत चालेल, पण चार पावलं. शिवाय आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या मागच्या कडेवर, खालून सहा सेंटिमीटरपर्यंत, हाड दाबल्यावर दुखतं का, पाहा. पावलातल्या दोन ठराविक हाडांवरही बोट ठेवून पाहा. यांतलं काही असेल तर एक्स-रे, नाहीतर नको. जगभर हे नियम वापरले जातात. १९७९ मध्ये ते नव्हते. पण अम्मी तेव्हा चार पावलं चालत नव्हती. बैलगाडीतून उतरवताना अब्बांनी तिला उचललं होतं, हे मला आठवतं.

या नियमांनाही एक पळवाट आहे, आणि आपल्याकडे ती मोठी आहे. नियम दुखण्यावर उभे आहेत. ज्याला दुखतच नाही त्याचं काय? पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये मज्जारज्जूच्या विकारानं बधिर झालेल्या रुग्णांचे सांधे विनावेदना कोसळताना पाहिले. आज हा प्रकार बहुतेक वेळा मधुमेहानं नसा बधिर झालेल्यांत दिसतो. घोटा किंवा पाऊल सुजतं, लाल होतं, हाताला गरम लागतं, पण दुखतं थोडंच. घरचे म्हणतात जंतुसंसर्ग असेल, डॉक्टरही कधी कधी तेच म्हणतात. आत हाडं मोडत असतात आणि माणूस त्यांवरून चालत असतो. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या शहरांत, एका पायाला विनाकारण सूज आणि ऊब आली तर ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ असं म्हणू नये, हे मला एका डॉक्टर मित्रानं तीनदा बजावून सांगितलं. म्हणून मीही सांगतो.

सुटलेली मोड नंतर सापडली तर काय करता येतं? सगळं वेळेवर आहे. दोन-तीन आठवड्यांत सापडली तर पहिल्या दिवसासारखे उपचार होतात, प्लास्टर किंवा हाड बसवून पट्टी आणि स्क्रू. हे धातूचं काम काटेकोर शास्त्र झालं ते स्वित्झर्लंडमधल्या सर्जननी १९५८ मध्ये त्यासाठी गट स्थापल्यानंतर. महिने गेले आणि हाड वाकडं जुळलं, तर सुश्रुतानं सांगितलं तेच, पुन्हा कापायचं. आखूड झालेलं बाहेरचं हाड कापून लांब करतात, फटीत कमरेच्या हाडाचा तुकडा बसवतात, पट्टी ठोकतात. कूर्चा शिल्लक असेल तर वर्षांनंतरही याचा उपयोग होतो. एखादा न जुळलेला छोटा तुकडा असेल तर काढून टाकतात. पण कूर्चा गेली की दोनच मोठे रस्ते उरतात. सांधा कायमचा जोडून टाकणं, किंवा कृत्रिम सांधा. जोडण्याची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या आल्बर्ट यांनी सुरू केली, म्हणजे चांगली जुनी. कृत्रिम घोटे १९७० च्या दशकात आले, सुरुवातीचे लवकर सैल झाले, आता बरेच सुधारले आहेत. तरी तरुण आणि अंगमेहनतीच्या माणसाला डॉक्टर अजून जोडण्याचाच सल्ला बहुधा देतात.

इथे मला पुस्तकांशी थोडं भांडायचं आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेलं असतं की, घोटा जोडल्यावर रुग्ण सपाट जमिनीवर चांगला चालतो. खरं आहे. पण आपलं आयुष्य सपाट जमिनीवर चालण्यापुरतं आहे का? आपण उकिडवे बसतो. खुरपणी, चूल, भांडी, संडास, पंगत, सगळं घोटा पूर्ण वाकवून. जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा जयपूर फूट केला, त्यामागे हेच होतं. परदेशी कृत्रिम पाऊल बूट घालून खुर्चीत बसणाऱ्यासाठी होतं. त्यावर शेतकरी उकिडवा बसू शकत नव्हता, अनवाणी चिखलात जाऊ शकत नव्हता. घोट्याचा प्रश्न हा बसण्याचा प्रश्न आहे, हे एका कारागिराच्या हाताला समजलं होतं.

अम्मीला डॉक्टरांनी सांधा जोडायचा सल्ला दिला. तिनं विचारलं, ‘नमाजला बसता येईल?’ नमाजात सजद्यानंतर डावं पाऊल आडवं घालून त्यावर बसतात, उजवं बोटांवर उभं राहतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘आत्ता बसता येतं का?’ ती म्हणाली, ‘नाही. बाजूला पाय काढून बसते.’ मग ते म्हणाले, ‘बसणं मी परत देऊ शकत नाही. दुखणं नेऊ शकतो.’ एवढं स्वच्छ बोलणारा डॉक्टर मला आवडला.

२००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तीन महिने प्लास्टर, मग काठी. वर्षभरात दुखणं जवळपास थांबलं. नमाज ती खुर्चीवर बसून पढायची, आजारी माणसाला तशी मुभाच आहे. तिला त्याचं फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. चुलीपुढे उकिडवं बसून परातीत ज्वारीची भाकरी थापायची तिला सवय. ओट्याशी उभं राहून केलेली भाकरी तिला कधी पसंत पडली नाही. जोर लागत नाही म्हणायची. आम्हाला चवीत काही फरक कळला नाही, पण आम्ही वादही घातला नाही.

अब्बा तोपर्यंत गेले होते. तो पहिला एक्स-रे अम्मीनं शेवटपर्यंत आपल्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली ठेवला होता. शेजारच्या काकू एकदा शहरात आल्या होत्या. अम्मीनं तो काढून खिडकीच्या उजेडाला धरून त्यांना दाखवला, बाहेरच्या हाडावर बोट ठेवून. काकू बराच वेळ पाहत होत्या. त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक, पण त्यांनी अम्मीचा पाय मांडीवर घेतला आणि दाबत बसल्या.

२०२३ मध्ये माझा भाचा क्रिकेट खेळताना झेल घ्यायला गेला आणि पाय वेडावाकडा पडला. चार पावलं टाकता येईनात. एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, ‘मोड दिसत नाही, पण मला खात्री नाही. पाय टेकवू नका, दहा दिवसांनी या.’ दहा दिवसांनी बाहेरच्या घोट्याखाली बोट ठेवलं तर तो ओरडला. सीटी स्कॅन केला, त्यात टॅलसच्या बाहेरच्या कोपऱ्याला केसासारखी चीर निघाली. हललेली नव्हती. सहा आठवडे प्लास्टर. वर्गातल्या मुलांनी त्यावर निळ्या शाईनं नावं लिहिली, एकानं तर शिवीही लिहिली, ती आमच्या बहिणीनं खडूनं पुसायचा प्रयत्न केला. आता तो पुन्हा स्लिपमध्ये उभा असतो, गुडघे वाकवून, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून.